नावाचं पोस्टकार्ड

आप्पा आमच्या दुकानात कधी सरळ आत आले नाहीत. दुकान ते केवढं, दहा बाय बारा. शटर वर केलं की मी समोरच बसलेली. तरी पायरीखाली उभं राहून ते माझं पूर्ण नाव पुकारायचे, आडनावासकट, आणि मी "आहे, आप्पा" म्हणेपर्यंत पायरीवर पाय ठेवायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं बघू तरी, किती वेळ उभा राहतो हा माणूस. पाच मिनिटं झाली, दहा झाली. झेरॉक्सला आलेली बाई आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघायला लागली. शेवटी मलाच लाज वाटली आणि "आहे" म्हटलं. आत येऊन बसले, राग नाही की काही नाही. "माणूस शे का नही, हाई पहिले समजाले पाहिजे," एवढंच बोलले आणि पेपर उघडला.

तीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस. नवापूरचा बाजार, त्याच्या मागची डोंगरातली गावं, पाडे, सगळं त्यांच्या पायाखालचं. रिटायर झाल्यावरही सकाळी नऊला घरातून निघायचे आणि जुन्या वाटेनं गावभर एक फेरी मारायचे. हातात टपाल नाही, काही नाही. रविवारी मात्र घरात. मी एकदा विचारलं, "आप्पा, रविवारी का नाही फिरत?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही भलतंच बोलले. रविवारी टपाल नसतं, माहीत नाही का?

माझं माहेर शहाद्याकडचं, कळसाडीचं. लग्न होऊन नवापूरला आले आणि बसस्टँडजवळ हे दुकान टाकलं. पॅन कार्ड, सातबारा, फॉर्म भरून देणं, आणि कुणाला हवी असेल तर वेबसाइट करून देणं. वेबसाइटचा मी कोर्स केला होता, त्यामुळे त्या कामात मला भारी तोरा. आप्पा पहिल्यांदा आले ते पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याला. मशीन त्यांचा अंगठा घेईना. तीस वर्षं कागद हाताळून बोटं पार गुळगुळीत झालेली. मी परत परत पुसून घेत होते आणि शेजारी कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान असलेला एक जण बसला होता. त्याला वेबसाइट हवी होती आणि नाव ठरत नव्हतं.

"हाई काय करी ऱ्हायनी?" आप्पांनी स्क्रीनकडे बोट केलं.

"पत्ता ठरवतोय, आप्पा. इंटरनेटवरचा पत्ता."

"पत्ता?"

बस्स. त्या दिवशी जे बसले ते पुढची चार वर्षं. डोक्याला ताप म्हणजे काय ते मला त्यानंतर कळलं, आणि गुरू म्हणजे काय तेही. गुरू शब्द मी सहसा वापरत नाही. आप्पांसाठी वापरते.

त्यांच्या परीक्षा होत्या. पहिली चिवड्याची. गिऱ्हाइकाला ते मूठभर चिवडा तोंडात टाकायला लावायचे. "खा, खा. आते बोल नाव." तोंड भरलेलं असताना जे नाव बोलता येत नाही ते बाद. मी हसले तर म्हणाले, माणूस दुसऱ्याला दुकान सांगतो ते जेवताना नाहीतर चालताना, हात जोडून उभा राहून कोण सांगतं? आणि 'जवळ' शब्दाचा तर त्यांना इतका संताप, की पत्त्यात कुणी "अमक्याच्या जवळ" लिहिलं की पेन काढून खोडायचे. "जवळ म्हंजे कोठे? मन्हं घर बी सुरतना जवळ शे!"

पण खरी परीक्षा कार्डाची. ती ऐकून कुणालाही वाटेल की म्हाताऱ्याला चळ लागलाय. मलाही वाटलं होतं.

ठरवलेलं नाव ते पोस्टकार्डावर लिहायचे. फक्त नाव, खाली नवापूर आणि पिनकोड. ना गल्ली, ना मालकाचं नाव. मागच्या बाजूला दर वेळी तीच दोन वाक्यं: "या नावाची वेबसाइट काढायची आहे. कार्ड मिळाले तर बसस्टँडजवळच्या ऑनलाइन दुकानात कळवावे." हो, बसस्टँड'जवळच्या'! मी दाखवलं तेव्हा चपापले, पण स्वतःचं खोडलं नाही. मग पॅसेंजरनं गुजरातेत व्याऱ्याला जायचे आणि तिथल्या पेटीत कार्ड टाकून यायचे. म्हणजे कार्ड परक्या हातांतून फिरत येणार. नव्या पोस्टमनला एक शब्द सांगायचा नाही. त्या पोरानं नुसतं नाव वाचून बरोबर दारात कार्ड आणून दिलं तर नाव पास. नाहीतर दुसरं शोधा. आणि कार्ड येईपर्यंत मी कॉम्प्युटरवर ते नाव घ्यायचं नाही, ही सक्त ताकीद.

"आप्पा, दोन मिनिटांचं काम आहे. घेऊन ठेवते ना."

"काब्र घाई करी ऱ्हायनी? नाव एकदा बांधी ठेवं का मग मानूस आंधळा व्हस. मग त्याले तेच चांगलं दिखस."

बाजारात एक मारवाडी कुटुंब आहे, तीन पिढ्यांपासूनचं. आजोबा राजस्थानातून आले ते कंदील विकायला. आता नातू सोलर पॅनल, इन्व्हर्टर विकतो. त्याला नाव हवं होतं ग्लोबल सोलर सोल्युशन्स. चिवड्यालाच नाव गळपटलं, तरी पोरगा हटेना. म्हणून आप्पांनी कार्ड टाकलं. कार्ड आठ दिवस गावभर हिंडलं. तीन दुकानदारांनी "आमचं नाही" असं त्यावर पेननं लिहून परत केलं, चौथ्यानं चहाचा कप ठेवला. मग आप्पांनी दुसरं कार्ड टाकलं. त्यावर लिहिलं 'कंदीलवाले'. चौथ्या दिवशी सकाळी सकाळी पोस्टमननं ते सोलरच्या दुकानात, नातवाच्या टेबलावर ठेवलं. त्या दुकानात कंदील शेवटचा कधी विकला ते त्याच्या बापालाही आठवत नव्हतं. बाप हसून हसून लाल. म्हणाला, "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा ऐकलं होतं, आपलं उलटं निघालं!" नातवानं तोंड पाडून ते नाव घेतलं. आज त्याच्या गाडीवर, शर्टावर, बिलावर, सगळीकडे कंदीलवाले आहे, आणि सुरतेपर्यंत लोक त्याला त्या नावानं ओळखतात.

त्या दिवसापासून मी आप्पांसमोर वाद घालणं सोडलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांची भीतीच वाटायला लागली. कोर्स मी केलेला, सर्टिफिकेट माझं भिंतीवर, आणि नाव कसं असावं ते या माणसाला माहीत. गिऱ्हाइकं मला विचारायची, "बाबा आहेत का?" मी असून नसल्यासारखी.

सुमनबाई आली ती अशाच एका दुपारी.

नवापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात खडकीपाडा म्हणून पाडा आहे, तिथली. आठ बायका मिळून नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करायच्या. पापड असे की तळले की ताटभर व्हायचे. पण ते विकले जायचे सुरतेच्या एका व्यापाऱ्याच्या नावानं. नवापुरात त्याचा दलाल होता. तो गोणी भरून न्यायचा, सुरतेत त्या पापडांना चकचकीत पुडी आणि व्यापाऱ्याचा शिक्का मिळायचा. सुमनबाईच्या मुलीनं सुरतेत एका दुकानात ती पुडी पाहिली आणि आईला फोटो पाठवला. पापड आईचा, वर भलत्याचंच नाव. सुमनबाईनं तो फोटो मला दाखवला.

"ताई, आता पुडीवर दुसऱ्याचं नाव नको," ती म्हणाली. शाळेतल्या पुस्तकासारखं सावकाश मराठी बोलायची, एकेक शब्द ठेवून.

सुरतेत खाण्याच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. ते भरवणाऱ्या बाईंनी तिला टेबल द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, पुडीवर स्वतःचं नाव हवं आणि वेबसाइटचा पत्ता हवा, म्हणजे नंतर लोकांना मागवता येईल. तिथं जम बसला तर दलालाची गोणी बंद. नाही बसला तर दलालानं आधीच सांगून ठेवलं होतं, प्रदर्शनाला गेलीस तर परत माझ्या दारात यायचं नाही. आठ घरांचा प्रश्न होता, आणि हातात अकरा दिवस.

मी जोरात. दोन मिनिटांत नाव काढलं, 'डोंगरपापड'. आप्पांनी डोळे मिटून दोनदा म्हटलं, चिवडा खाऊन म्हटलं, मान डोलावली. सुमनबाईनंही मान डोलावली. त्या वेळी मला तेवढं पुरलं. मी नाव तपासलं, मोकळं होतं. बोट बटनावर ठेवलेलं मला अजून आठवतं.

"कार्ड," आप्पा म्हणाले.

"आप्पा, अकरा दिवस आहेत!"

"पाच दिनमा कार्ड येस. मंग सहा ऱ्हातस."

मी बोट उचललं. का उचललं, देवा रे, का उचललं! गुपचूप घेऊन ठेवलं असतं तर म्हाताऱ्याला कळलंही नसतं. पण त्यांच्या पाठीमागे ते करायला माझा हात धजला नाही.

सातव्या दिवशी कार्ड आलं. पोस्टमन म्हणाला, "नावावरून कळेना, म्हणून पापडाच्या दलालाकडे विचारलं. त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं, मग म्हणाले, खडकीपाड्याच्या बाईचं असेल, ऑनलाइनच्या दुकानात दे."

"पोहचनं!" आप्पा खुर्चीतून उठले. "माय, पोहचनं!"

मी घाईघाईनं नाव टाकलं. गेलेलं होतं. चार दिवसांपूर्वी कुणीतरी घेतलं होतं, आणि उघडून बघितलं तर रंगीत पान: 'डोंगरपापड, लवकरच येत आहे', खाली सुरतेच्या त्या व्यापाऱ्याचा तोच शिक्का.

उघडं पोस्टकार्ड! गावातलं शेंबडं पोरही वाचेल असं. त्यावर आम्हीच लिहून दिलेलं की या नावाची वेबसाइट काढायची आहे. आणि ते आम्ही कुणाच्या हातात दिलं, तर दलालाच्या. कप्पाळ माझं! तीस वर्षं लोकांच्या कार्डांची ने-आण केली, पण कार्ड आपण वाचायचं नसतं हा आप्पांचा धर्म. दुसरं कुणी वाचेल हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

मी खूप बोलले त्यांना. नको ते बोलले. तुमच्या खुळापायी आठ बायकांच्या पोटावर पाय आला म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुन्ही गाडी काढ."

"कुठं जायचंय?"

"खडकीपाडाले. तिले सांगाले."

मला वाटलं होतं फोन करू. नाहीतर आधी दुसरं नाव शोधू, मग सांगू. आप्पा म्हणाले, वाईट बातमीचा कागद फोनवर सांगत नाहीत, दारात जाऊन देतात. माझ्या स्कूटीवर मागे बसून तो सत्तरीचा माणूस डोंगराच्या कच्च्या रस्त्यानं आला. शेवटचा चढ गाडी घेईना, तर उतरून चालत गेले, माझ्या पुढे.

आठही जणी तिथं होत्या. खाटांवर कापड, कापडावर पापड. आप्पा त्या बायकांच्या बोलीत बोलले. मला सगळं कळत नव्हतं, पण दोन्ही हात जोडलेले होते ते दिसत होतं. चूक माझी आहे, या पोरीची नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं, तेवढं मला कळलं. नाव गेलं, तुमचा चोर मीच बोलावून आणला, असंही म्हणाले. मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली चूक कबूल करणारी. आवाज खाली, मान दुसरीकडे, आणि वाक्यात चार 'पण'. आप्पांच्या बोलण्यात एकही 'पण' नव्हता.

सुमनबाई पापड उलटत होती. उलटून झाले, मग माझ्याकडे वळली.

"गेलं तर जाऊ द्या, ताई. ते नाव तुमचंच होतं. तुम्ही काढलं, बाबांनी तपासलं. मला कुठं कुणी विचारलं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की! अख्ख्या गावाला विचारलं, पोस्टमनला विचारलं, नकळत दलालालासुद्धा विचारलं. जिचे पापड तिला कुणी विचारलं नाही. मी हळूच म्हटलं, "मग तुझ्या मनात काय होतं?"

एक म्हातारी तिला कोपरानं ढोसत होती, सांग सांग म्हणून.

"गोणीवर दलाल खडूनं माझ्या नवऱ्याचं नाव लिहितो," ती म्हणाली. "नवरा कोंबड्यांच्या फार्मवर कामाला. त्यानं एक पापड लाटला नाही. रेशनकार्डावर तो, घरावर तो. पापड मी करते. तर पुडीवर सुमन लिहा. सुमन, खडकीपाडा. एवढंच."

आप्पा उभे होते ते खाली बसले. तिथंच, मातीत. मला वाटलं चक्कर आली, मी धावले. त्यांनी हातानं थांबवलं.

"तीस वरीस मी आठे टपाल आनं," ते म्हणाले, आणि हे अहिराणीत, म्हणजे माझ्याशी. "मनीऑर्डरी आन्यात, तारा आन्यात. एक बी कागद बाईना नावना नव्हता. आनि माले ते कधी खटकनंच नही." मग बराच वेळ ते समोरच्या घरांकडे बघत राहिले, एकेका दाराकडे.

पाणी पिऊन आम्ही निघालो. दुकानात येऊन मी नाव टाकलं. सुमनखडकीपाडा. मोकळं होतं, असणारच. माझं बोट सवयीनं थांबलं.

"आप्पा, कार्ड?"

"ले. आत्तेच ले. ह्या नावले तपासनारा मी कोन?"

त्यानंतर त्यांनी कुणासाठी कार्ड टाकलं नाही. लोक मागायला यायचे, तर म्हणायचे, आधी ज्याचं आहे त्याला विचारा. मला राग धरायला जागाच ठेवली नाही त्यांनी. सत्तराव्या वर्षी, आपल्या अभिमानाची एकुलती एक गोष्ट माणूस अशी एका दुपारी खाली ठेवू शकतो, हे मी पाहिलं नसतं तर मला कुणी सांगून पटलं नसतं. ते गेल्याला आता दीड वर्ष होईल. त्यांच्यासारखा मोठा माणूस मी नवापुरात दुसरा पाहिला नाही, आणि नवापूरच्या बाहेरही नाही.

त्या प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो, मी, आप्पा आणि सुमनबाई. पुड्या आदल्या संध्याकाळी छापून आलेल्या, शाई हाताला लागत होती. दोन ओळी सोडून व्यापाऱ्याचं टेबल होतं, वर 'डोंगरपापड'चा भला मोठा बोर्ड, पोरी टोप्या घालून उभ्या. आमच्याकडे एक स्टोव्ह आणि सुमनबाई. सकाळी कुणी फिरकलं नाही. मग तिनं कढई चढवली. वास गेला तसे लोक यायला लागले, आणि दुपारी तर मला पिशव्या पुरेनात. एक जाडजूड सुरती बाई पुडी उलटसुलट करून म्हणाली, "आ सुमन कोण छे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आप्पांनी माझा हात दाबला.

"मी," सुमनबाई म्हणाली.

बाईनं सहा पुड्या घेतल्या, पत्ता वाचून दाखवला, बरोबर आहे ना विचारलं. सुमनबाईनं तिसऱ्यांदा कढईत तेल ओतलं आणि पदरानं डोळे पुसले. धुरानं म्हणाली.

संध्याकाळच्या पॅसेंजरला जागा मिळाली. रिकाम्या पेट्या आम्ही बाकाखाली सारल्या. मी डुलक्या घेत होते, तर आप्पांचा आवाज आला.

"बाकी सात जनीस्ना नावे सांग माले."

सुमनबाईला आधी कळलंच नाही. त्यांनी परत तिच्या बोलीत विचारलं. पाड्यातलं प्रत्येक घर त्यांना तोंडपाठ होतं. कोणता दरवाजा कुणाच्या बापाचा, कुणाचा भाऊ कुठे कामाला, कुणाचं कुत्रं चावतं, सगळं. ती सात नावं मात्र माहीत नव्हती. सुमनबाई एकेक सांगत गेली. ते शाळेतल्या पोरासारखे मागून म्हणत गेले, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या नावाला तर तीनदा चुकले आणि सुमनबाई हसायला लागली. समोरच्या बाकावरचा माणूस पेपर बाजूला ठेवून बघत होता, हा म्हातारा काय पाठ करतोय म्हणून.

नवापूर आलं तेव्हा त्यांना सातही येत होती.